मालकीणबाईंचं टपाल

दुपारी टपालपेटी उघडली तर पुन्हा त्यांच्या नावाचा कॅटलॉग. या खेपेला ऐकू येण्याच्या यंत्रांचा. आमच्या घराच्या या पहिल्या मालकीणबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, मधे दोन बिऱ्हाडं होऊन गेली. पण कंपन्यांच्या दप्तरी बाई अजून इथंच राहतात आणि त्यांना अजून कमी ऐकू येतं. बायको म्हणते, रद्दीत टाक. मला ते जमत नाही.

साताऱ्याला आजोबांच्या वाड्यात भाडेकरू सारखे बदलायचे. कुणाची बदली व्हायची, कुणाचं पाण्यावरून वाजायचं. त्यांची पत्रं मात्र येतच राहायची. दारामागे खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली असे, खाली लाकडी चकती. आजोबा ती पोस्टकार्डं तारेत टोचून ठेवायचे. भोक अक्षरावर पडू नये म्हणून आधी कार्ड उलटसुलट करून नीट बघायचे, आणि त्यात मजकूर आपसूक वाचून व्हायचा. मग आत वळून आजीला, "मास्तरांच्या मेव्हणीचं जमलं बरं का!" मास्तर वाडा सोडून वर्ष उलटलेलं असायचं.

तर हे घर. कॅलिफोर्नियात सनीवेलमधलं साधं रँच, म्हणजे इथल्या पद्धतीचं एकमजली घर, १९४७ सालचं. जमिनीवर आडवं पसरलेलं, बसकं. जिना नाही, छपराला उतार नावापुरता. रस्त्याकडे गॅरेजचं भलंमोठं दार आणि घराचं सगळं लक्ष मागच्या अंगणाकडे. पुढे ओटी म्हणून नाहीच. येणाऱ्याजाणाऱ्याला "काय, कुठं निघालात?" विचारायची सोय ठेवलेली नाही, हा माझा या घरावरचा जुना राग.

या घरांचं मूळ मात्र आपल्या ओळखीचं निघालं. क्लिफ मे नावाचा एक गृहस्थ, शिक्षणानं आर्किटेक्ट नाही, सॅक्सोफोन वाजवायचा, फर्निचर करायचा. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं सॅन डिएगोत अशी बैठी घरं बांधायला घेतली. आईकडून तो एस्तुदियो या जुन्या घराण्यातला. त्या घराण्याचा १८२७च्या सुमाराचा वाडा सॅन डिएगोत अजून उभा आहे. वाडाच म्हणतो मी त्याला. मधे चौक, तीन बाजूंनी खोल्या, खोल्यांची दारं पडवीत उघडणारी, कच्च्या विटांच्या जाडजूड भिंती. आम्ही बघायला गेलो तेव्हा चौकात उभं राहून मी उगाच तुळशीवृंदावन शोधत होतो.

मग दुसरं महायुद्ध संपलं. सैनिक घरी आले, परतलेल्या सैनिकांसाठी केलेल्या १९४४च्या जीआय कायद्यामुळे हातात फारसा पैसा नसतानाही घराला कर्ज मिळू लागलं. बिल्डरांनी तोच नमुना उचलला, चौक काढला, पडवी काढली, आणि या खोऱ्यातल्या जर्दाळूच्या, चेरीच्या बागा तोडून काँक्रीटच्या थरावर रांगेनं घरं उभी केली. चौकाचं उरलं ते मागच्या दारी चार खुर्च्यांपुरतं पॅटिओ.

आमच्या बाई त्या रांगेतल्याच. नवरा नौदलातून सुटून आलेला. १९५६ला लॉकहीड ही विमानं-क्षेपणास्त्रांची कंपनी इथं आली तेव्हा तिथं लागला. ही माहिती समोरच्या घरातल्या आजोबांची, ते लहानाचे मोठे याच गल्लीत झाले. बिल्डरनं मागे एक जर्दाळूचं झाड राखलं होतं. बाई त्याचा जॅम करून गल्लीभर वाटायच्या. बरणीच्या तोंडावर वितळलेलं मेण ओतलेलं असायचं, आणि ते बोटानं दाबून बघितल्याबद्दल या आजोबांनी लहानपणी मार खाल्लाय. स्वयंपाकघरातल्या एका कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं जॅमचं माप लिहिलेलं आहे. रंगारी आला तेव्हा तेवढा चौकोन सोडायला लावला. ते झाड गेलं, आम्ही दुसरं लावलं. बायको जॅम बाईंच्याच मापानं करते, फक्त वेलची घालते. बाईंशी असा आमचा घरोबा.

घर घेताना कागदांचा गठ्ठा मिळतो, सही करून तो कुणी वाचत नाही. मी मागच्या हिवाळ्यात वाचला. १९४७चे प्लॉटचे नियम. कुंपण किती उंच, कोंबड्या पाळायच्या नाहीत, वगैरे. त्यांच्याच ओळीत, त्याच टाइपात, एक कलम: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसांखेरीज कुणीही इथं राहू नये. अपवाद घरकामाच्या नोकरांचा. म्हणजे बाईंच्या ओट्याशी मी उभा राहू शकलो असतो, भांडी घासायला. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कुठल्याही कोर्टानं असली कलमं अमलात आणू नयेत. १९६८ला कायद्यानंच बंदी आली. कागदावर मात्र ओळ तशीच आहे. बाईंनी ती वाचली होती का, हे आता कुणाला विचारणार? कोंबड्यांचं कलम तेवढं त्यांना माहीत असणार. समोरचे आजोबा सांगतात, त्यांनी दोन पाळल्या होत्या.

हल्ली कॅलिफोर्नियात अर्ज केला की रेकॉर्डर ऑफिस, म्हणजे जमिनीच्या कागदांची नोंद ठेवणारी कचेरी, अशी ओळ काळी करून देतं. बायको म्हणते, आजच अर्ज कर. मी म्हणतो, पुढं कुणी घर घेईल त्यालाही वाचू दे की. ती म्हणते, तुला रद्दीसुद्धा टाकवत नाही, तुझं काय ऐकायचं. अर्जाचा फॉर्म छापून ठेवलाय. आमचं अजून ठरलेलं नाही.