हापूस न कापता पारखणं: १८ चॅनेलच्या सेन्सरची जुळणी कुठवर आली

फळावर प्रकाश टाकून परत आलेल्या प्रकाशावरून गराचा अंदाज घेणारी ही घरगुती जुळणी आहे. आधी लक्ष्याबद्दल, कारण बहुतेक जुळण्या इथेच भरकटतात. झाडावरून उतरवलेल्या कच्च्या हापूसमध्ये साखर मोजण्याच्या मागे लागू नका. त्या वेळी गरात स्टार्च असतो, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) कमीच येतो आणि पिकल्यावरच्या गोडीबद्दल तो फारसं सांगत नाही. मोजायचा तो शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी काढून टाकल्यावर गराचं किती टक्के वजन उरतं ते. अढीत स्टार्चची साखर होते, पण बाहेरून नवी भर पडत नाही. म्हणून चौदा आणे तयार फळ आणि कोवळं फळ दोन्ही पिवळी होतात, गोड मात्र एकच होतं. सालीच्या रंगावर विसंबणाऱ्याला हा फरक दिसत नाही, आणि एवढ्याचसाठी हा खटाटोप करण्यासारखा आहे.

सेन्सर एएस७२६५एक्स. यात तीन चिप आहेत, ४१० ते ९४० नॅनोमीटरमध्ये १८ चॅनेल, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीचे १८ पट्टे, प्रत्येकाची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर. मायक्रोकंट्रोलरशी जोडणी आय-टू-सी (दोन तारांची डेटा जोडणी), ३.३ व्होल्ट. बोर्डावरचे तिन्ही एलईडी बंद ठेवा. पांढऱ्या एलईडीत ७०० च्या पुढे जवळजवळ काही नसतं आणि ८७५ चा इन्फ्रारेड एलईडी इतका अरुंद आहे, की ९४० च्या चॅनेलपर्यंत फारसा प्रकाश पोचत नाही. त्याऐवजी १२ व्होल्ट, २० वॅटचा हॅलोजन घ्या, पण रिफ्लेक्टर ॲल्युमिनियमचाच हवा. दुकानात सहज मिळणारा रंगीत झाक असलेला डायक्रोइक रिफ्लेक्टर इन्फ्रारेड मागच्या बाजूने सोडून देतो, म्हणजे नेमकं हवं तेच वाया जातं. पुरवठा रेग्युलेटेड असावा. व्होल्टेज १ टक्का हललं तरी दिव्याचा उजेड साधारण ३ टक्क्यांहून जास्त हलतो. दिवा १५-२० मिनिटं तापू द्या आणि नंतर तो चालू-बंद करू नका. त्याच्यासमोर सर्व्होवर (कोनात फिरणारी छोटी मोटर) ॲल्युमिनियमची पट्टी बसवून तिचं शटर करा. फळावर प्रकाश काही सेकंदच पडावा, नाहीतर साल भाजते.

आता खरी मेख. दिव्याची खिडकी आणि सेन्सर दोन्ही फळाला टेकलेले हवेत, मध्ये १५ मिलिमीटरच्या आसपास अंतर आणि अपारदर्शक आडोसा. सालीवरून परतलेला प्रकाश नको आहे, गरातून फिरून आलेला हवा आहे. आडोशासाठी काळं प्लास्टिक किंवा काळा फोम डोळे मिटून वापरू नका. डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या बऱ्याच वस्तू ९०० नॅनोमीटरला आरपार असतात. चाचणी सोपी आहे: सेन्सरच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल धरा आणि दिवा पेटवा. आकडे अंधाराच्या पातळीवर आले नाहीत तर बाजूने गळती आहे. फोमच्या आत फॉइलचा थर दिला की ती थांबते.

दुसरी अडचण या बोर्डाची स्वतःची आहे. तीन चिप तीन जागी बसवलेल्या आहेत, त्यामुळे दिव्यापासूनचं त्यांचं अंतर वेगळं पडतं आणि प्रत्येक चिप फळाचा वेगळा तुकडा बघते. ६१०, ६८०, ७३०, ७६०, ८१०, ८६० हे चॅनेल एका चिपवर. ५६०, ५८५, ६४५, ७०५, ९००, ९४० दुसऱ्या चिपवर. म्हणून गुणोत्तरं एकाच चिपच्या आत घ्या. क्लोरोफिलसाठी ६८० विरुद्ध ७३०, पाणी आणि शुष्क पदार्थासाठी ९०० विरुद्ध ९४०. पाण्याचं शोषण ९७० जवळ शिखर गाठतं, ९४० त्याच्या चढावर आहे. ८६० ला ९४० ने भागणं मोहाचं वाटतं, पण त्या आकड्यात आंब्याची गोलाई मोजली जाते. दिवा या दोन चिपपासून समान अंतरावर बसवा. ४१० ते ५३५ ची तिसरी चिप सोडून द्या, तो प्रकाश गरात खोल जात नाही.

प्रत्येक फळाआधी शटर लावून अंधाराचं वाचन, मग पांढरा संदर्भ, म्हणजे तुलनेसाठी पांढऱ्या वस्तूवरचं वाचन. त्यासाठी २० मिलिमीटर जाडीचा टेफ्लॉनचा ठोकळा चांगला. पातळ टेप चालत नाही, कारण इथे प्रकाश ठोकळ्याच्या आतून फिरून यावा लागतो. गेन (संकेत किती पट वाढवायचा) ६४, इंटिग्रेशन (प्रकाश किती वेळ गोळा करायचा) १०० ठेवलं तर सगळ्या चॅनेलचं एक वाचन साधारण ५६० मिलिसेकंदांचं. कच्चा आकडा ६५५३५ ला टेकला तर गेन १६ वर आणा. मग (संदर्भ − अंधार) भागिले (फळ − अंधार), त्याचा लॉग घ्या. किती प्रकाश शोषला गेला ते यातून कळतं.

संदर्भमोजणीत, म्हणजे फळ कापून शुष्क पदार्थ प्रत्यक्ष मोजण्यात, घाई केली तर पुढचं सगळं गणित फुकट. फळाच्या दोन्ही गालांवर, देठापासून दूर, चिकाचा डाग नसलेल्या जागी मार्करने गोल काढा. वाचन तिथेच घ्या, कापायचंही तिथेच. २५ मिलिमीटर व्यासाची चकती काढा, साल टाका, खालचा १० मिलिमीटर गर ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर लगेच तोला. ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, बहुधा ४८ तास लागतात. मायक्रोवेव्हने कडा करपतात आणि आकडा खोटा येतो. जोडीला पाण्याची जुनी परीक्षा ठेवा: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. मॉडेल (सेन्सरच्या आकड्यांवरून शुष्क पदार्थाचा अंदाज देणारं गणित) तिच्याशी भांडत असेल तर आधी मॉडेलवर संशय घ्या.

मॉडेलसाठी इतक्या कमी चॅनेलवर दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा (आलेखाचा बाक मोजण्याच्या पद्धतीचा) उपयोग नाही. चार-पाच गुणोत्तरांवर साधं रिग्रेशन (आकड्यांमधलं नातं सूत्रात बसवणं) पुरतं. तपासताना एकाच फळाचे दोन गाल एकाच गटात ठेवा. एक गाल शिकवणीत आणि दुसरा परीक्षेत गेला तर निकाल उगाच देखणा दिसतो. आर-स्क्वेअरपेक्षा (अंदाज प्रत्यक्ष मोजणीशी किती जुळतो त्याचा आकडा) चूक किती टक्के शुष्क पदार्थाची आहे ते लिहा. कोवळ्यापासून पिकलेल्यापर्यंत सगळी फळं एकत्र केली की आर-स्क्वेअर आपोआप फुगतो. ज्यांना पूर्ण स्पेक्ट्रमवर (मोजक्या चॅनेलऐवजी सलग तरंगलांबींच्या वाचनावर) हात बसवायचा आहे त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियन आंब्यांचा चार हंगामांचा खुला डेटा आहे, ११,६९१ स्पेक्ट्रम, शुष्क पदार्थाच्या मोजणीसह. जात वेगळी, त्यामुळे त्यावर बनवलेलं मॉडेल हापूसवर थेट चालवायचं नाही. पण एका हंगामाचं मॉडेल पुढच्या हंगामात कसं सरकतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

तापमानही नोंदवा. फ्रिजमधून काढलेल्या फळात पाण्याचा पट्टा सरकतो आणि मॉडेल त्यालाच शुष्क पदार्थातला फरक समजतं. रत्नागिरीची दुपार आणि पुण्यातली वातानुकूलित खोली, दोन्हीकडची फळं शिकवणीत हवीत.

साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, मात्र या जुळणीच्या कक्षेबाहेर आहे. तो कोयीलगत सुरू होतो आणि एका बाजूने टेकवलेला सेन्सर सालीखालचा सेंटिमीटरभर गरच बघतो. त्यासाठी प्रकाश फळातून आरपार न्यावा लागेल, म्हणजे जास्त वॅटचा दिवा, फळाला घट्ट बसणारी अंधारी वाटी आणि कोय टाळणारा कोन. पुढची जुळणी त्या दिशेने चालू आहे.