रिंग पुरी झाली, पण वाट एकच होती

रत्नागिरीत नेटवर्क जोडणीचं काम सुरू केलं तेव्हा आमची सगळी लाईन झाडासारखी होती. मारुती मंदिराजवळच्या खोलीतून एक फायबर निघायची, साळवी स्टॉपला स्विच, म्हणजे अनेक लाईनी एकत्र जोडणारी पेटी, तिथून पुढे कुवारबाव. मधल्या फांद्यांवर गिऱ्हाईक: पतसंस्थांच्या शाखा, एक पॅथॉलॉजी लॅब, आंब्याचं कॅनिंग करणारे. शाखा आणि मुख्य कार्यालय शहरातल्या शहरात इथरनेटने, म्हणजे ऑफिसातले संगणक जोडायच्या नेहमीच्या पद्धतीने, जोडून द्यायचं, हेच आमचं पोटापाण्याचं काम.

इकडे जमीन जांभ्याची. चर खणायचा खर्च परवडत नसे, म्हणून बहुतेक केबल खांबांवरून. वळवाच्या वाऱ्यात माडाची झावळ पडली की पुढचं सगळं बंद. मग शिडी, फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन आणि वर ताडपत्री धरून उभा असलेला माझा भाऊ. दोन-तीन तास सहज जायचे, आणि तेवढा वेळ पतसंस्थेच्या काउंटरसमोर पैसे काढायला आलेली माणसं उभी असायची. मला ते फार लागायचं.

म्हणून नाचण्याच्या बाजूने दुसरी फायबर नेऊन कुवारबावला मिळवली. रिंग पुरी केली. पण इथरनेटला गोल वाट चालत नाही. सगळ्यांसाठी सोडलेली फ्रेम, म्हणजे माहितीचा तुकडा, अशा वाटेत कधी संपतच नाही, फिरत राहते आणि अशा फ्रेम साचत जातात. अशी गोल वाट एका जागी बंद ठेवणारी स्पॅनिंग ट्री नावाची सोय एका स्विचवर चालू करायची आमच्याकडून राहिली आणि पहिल्याच रात्री सगळं जाळं ठप्प झालं. चूक आमची होती. सकाळी एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन माफी मागितली.

स्पॅनिंग ट्री लावल्यावर फ्रेमचं हे वादळ थांबलं, पण लाईन तुटल्यावर दुसरी वाट उघडायला ३० ते ५० सेकंद लागत. तेवढ्यात काउंटरचं सॉफ्टवेअर बाहेर फेकायचं. तिच्याच वेगवान प्रकाराने, रॅपिड स्पॅनिंग ट्रीने, ते काही सेकंदांवर आलं. पुढे पैसे साठवून जी.८०३२ हे खास रिंगसाठीचं मानक चालणारे स्विच घेतले. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं हे मानक २००८ मध्ये आलं. रिंगमधला एक दुवा मुद्दाम बंद ठेवायचा, बाकी कुठे तुटलं की त्या दुव्याचा मालक असलेला स्विच तो उघडतो. १६ पेक्षा कमी स्विच आणि १२०० किलोमीटरपेक्षा लहान रिंग असेल तर हा बदल ५० मिलिसेकंदांच्या आत व्हावा, असं ते मानक सांगतं. आणखी एक गोष्ट मला त्यात फार आवडते. तुटलेली लाईन जोडली तरी रिंग लगेच मूळ वाटेवर येत नाही, ठरवलेला वेळ थांबते. आम्ही पाच मिनिटं ठेवली आहेत. ओल्या हातांनी जॉइंट करताना लिंक येते-जाते, ती प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला जाणवू नये म्हणून.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं आणि आमची रिंग पलटलीच नाही, म्हणजे दुसऱ्या वाटेवर गेलीच नाही.

कारणं दोन निघाली. एका जुन्या टप्प्यावर मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर तांब्याच्या तारेला जोडणारा डबा, होता. पलीकडे फायबर तुटली तरी स्विचच्या बाजूची त्याची तांब्याची लिंक चालूच राहिली, म्हणून स्विचला काही तुटलंय हे कळलंच नाही. आता शेजारचे स्विच एकमेकांना सतत खुणेचे संदेश पाठवतात. मानकात दर ३.३३ मिलिसेकंदांना एक अशी सोय आहे. सलग तीन चुकले की लिंक गेली असं धरायचं, दिवा हिरवा असला तरी.

दुसरं कारण जास्त लाजिरवाणं. कुवारबावजवळ रिंगच्या दोन्ही बाजू त्याच खांबांवरून आल्या होत्या. कागदावर गोल, जागेवर एकच रस्ता. दोन खांब पडले, दोन्ही बाजू गेल्या. त्यावर कुठल्याही प्रोटोकॉलचा इलाज नाही. बायकोने एफडी मोडली आणि एक बाजू जांभा फोडून जमिनीखालून नेली. तो खर्च मी आजवरचा सगळ्यात योग्य खर्च मानतो.

वेगाचंही त्याच वेळी उमगलं. रिंग तुटली की दोन्ही बाजूंचा भार एका बाजूवर येतो. म्हणून कुठलाही दुवा आम्ही निम्म्यापेक्षा जास्त भरू देत नाही. दोन्ही बाजू सत्तर टक्क्यांवर असतील तर रिंग पलटते खरी, पण पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, वाटेत गळतात, आणि गिऱ्हाइकाला ते नेट बंद पडल्यासारखंच. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीच्या आलेखावर विसंबत नाही, कारण क्षणभराची गर्दी त्यात दिसत नाही. लॅबचे रिपोर्ट आणि पतसंस्थांचे व्यवहार वेगळ्या रांगेत, आधी जातील असे लावले आहेत.

आगोटीला आम्ही एक काम न चुकता करतो. मेच्या शेवटी, भर कामाच्या वेळेत, गिऱ्हाइकांना सांगून एकेका टप्प्यावरची फायबर हाताने काढतो. बॅटऱ्या तपासायला त्या खोलीची वीजही बंद करतो. मी पतसंस्थेच्या काउंटरपाशी उभा असतो, भाऊ फोनवर. तो म्हणतो, “काढली.” समोर पासबुक छापून होतं, आणि पुढच्या माणसाचं लागतं.