घराणे नसलेला खाँसाहेब

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचे सभागृह असल्यामुळे हे नाव आमच्या शहरात रोज घेतले जाते, पण बहुतेक वेळा ते पत्ता सांगताना घेतले जाते. शाळांची स्नेहसंमेलने, सरकारी कार्यक्रम आणि पुस्तक प्रकाशने यांच्या निमंत्रणपत्रिकांवर छापून छापून ते माणसापासून सुटे झाले आहे. ज्यांना माणूस आठवतो त्यांनाही गवई आठवतो: झपाट्याची, अंदाज चुकवणारी तान घेणारा, लयीशी खेळणारा, मैफल अंगावर घेणारा. वसंतराव नट होते, आणि माझ्या मते संगीत रंगभूमीच्या उत्तरार्धातील सर्वांत मोठे नट होते. हे म्हणणारे मला नागपुरात फारसे भेटत नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

त्यांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. आईने त्यांना एकटीने वाढवले आणि बालपण नागपुरात गेले. येथे शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांचे गाणे सुरू झाले. १९३५ साली भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली, म्हणजे कॅमेऱ्यासमोर ते पंधराव्या वर्षीच उभे राहिले होते. एवढ्या लवकर सुरुवात झालेल्या मुलाची पुढची पायरी एरवी ठरलेली असायची. दहा-पंधरा वर्षे आधी तो जन्मला असता तर एखाद्या नाटक मंडळीत दाखल झाला असता, तेथेच तालमी, तेथेच जेवणखाण, तेथेच गायनमास्तर, आणि विशीत त्याच्या नावाची जाहिरात लागली असती. पण बोलपट आला आणि १९३० नंतरच्या दशकात मोठमोठ्या मंडळ्या एकामागून एक बंद पडल्या. गाणाऱ्या नटाला पोसणारे घरच राहिले नाही.

मग वसंतरावांनी लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे, वीसहून अधिक वर्षे. पुण्यात दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात गाणे, असा हा काळ होता. चरित्रे लिहिणारे लोक हा काळ एका वाक्यात उरकतात किंवा त्यावर हळहळतात. मला त्यात वेगळे काही दिसते. नोकरीमुळे ते कोणत्याही एका गुरूच्या घरी गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा धागा, बांधून, त्याच घराण्याचे होऊन राहिले नाहीत. सप्रे यांच्यानंतर लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे ते शिकले, आणि तेथे खाँसाहेबांनी कित्येक महिने केवळ मारवा हा एकच राग शिकवल्याची गोष्ट आजही गवयांच्या गप्पांत सांगितली जाते. पुढे सुरेशबाबू माने यांच्याकडून किराणा घराण्याचे, अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजार घराण्याचे असे ते घेत गेले, आणि गायकनट मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा ठसा तर लहानपणापासून होताच. ज्याच्याकडे जे चांगले दिसेल ते उचलायचे, हा त्यांचा रिवाज झाला. शुद्धतेचे अभिमानी लोक यासाठी त्यांना नावे ठेवत. घराणे कोणते, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर चिकटला.

या माणसाच्या वाट्याला पुढे कोणती भूमिका आली हे पाहिले की नियतीने मिस्कीलपणा केला असे वाटते. पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरचे. रंजन कला मंदिर ही संस्था उभी करून त्यांनी या शहरात नाटकाची एक पिढी घडवली, आणि येथील जुनी मंडळी आजही त्यांचा उल्लेख ‘मास्तर’ असाच करतात. त्यांनी लिहिलेले ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदा’ या संस्थेने २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे होते, पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिवाच्या भूमिकेत प्रसाद सावकार आणि झरीनाच्या भूमिकेत फैयाज होत्या. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची भूमिका वसंतरावांची. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते.

हा खाँसाहेब आपली विद्या घराबाहेर जाऊ देत नाही. वर्षानुवर्षे पंडितजींकडून हरलेला हा गवई अखेर दरबारातील सामना जिंकतो, राजगायक होतो आणि पंडितजींच्या हवेलीत राहायला येतो. सोबत एक खून माफ असल्याची खूण म्हणून कट्यारही त्याला मिळते. सदाशिव शिकण्याच्या ओढीने त्याच हवेलीत नोकर बनून राहतो आणि आडून ऐकून गायकी उचलू पाहतो. आता विचार करा: ज्याने आयुष्यभर दारोदार जाऊन मिळेल तेथून गाणे घेतले, जो स्वभावाने आणि चरित्राने सदाशिव होता, त्याने रंगमंचावर दार लावून घेणारा खाँसाहेब उभा केला. भूमिका त्याच्या विरुद्ध टोकाची होती, आणि तरीही ती इतकी खरी वाटली की प्रेक्षकांनी त्या दोघांना एकच मानले. कदाचित दार लावून घेणारे गवई त्याने जवळून पाहिले असतील. बंद दाराच्या बाहेर ज्याने वेळ काढलेला असतो त्याला आतल्या माणसाची बारीकसारीक लकब पाठ असते, असे मला वाटते.

येथे थोडे संगीत नाटकातील पदाविषयी लिहिणे भाग आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले तेव्हा पदे कथेच्या ओघात येत. पुढे गंधर्वयुगात, म्हणजे बालगंधर्वांच्या काळात, गाण्याला इतके महत्त्व आले की पद लागले की नाटक थांबे, ऑर्गन आणि तबल्याच्या साथीने बैठकच सुरू होई, ‘वन्स मोअर’ मिळत राहत आणि पात्राच्या जागी गवई उरे. तो आनंद खोटा नव्हता, मीही जुन्या तबकड्यांवर तो तासन् तास घेतला आहे. पण त्यात नट मागे पडे. अभिषेकींनी १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून पदाला आवर घातला, चाल प्रसंगाला बांधली. ‘कट्यार’मध्ये त्यांनी आणखी एक अवघड गोष्ट केली. गाणारी पात्रेच गवई असल्यामुळे प्रत्येकाची गायकी हा त्याचा स्वभाव ठरवावा लागला. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच काव्य नाटकात दोन चालींत येते: एक पंडितजींच्या वळणाची, शांत आणि सुरावर रेंगाळणारी, दुसरी खाँसाहेबांची, तानांच्या झोताने शब्दांवर स्वार होणारी.

वसंतरावांचा अभिनय नेमका येथे आहे. त्यांच्या खाँसाहेबाची तान केवळ सुंदर नसते, ती कोणाला तरी ऐकवलेली असते. हवेलीचा ताबा घेतल्यानंतर जुने, हळवे सूर येथून हाकलून लावण्याची घोषणा करणारे पद तो गातो, तेव्हा त्या गाण्यात विजयाचा माज असतो आणि माजाखाली इतक्या वर्षांच्या हारीचा सल असतो. ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐकले तर संवाद कोठे संपला आणि पद कोठे सुरू झाले याचा सांधा हाताला लागत नाही, कारण श्वास पात्राचाच चालू असतो. बहुतेक गायकनट पदाच्या आधी किंचित सावरतात, जणू आता आपले काम सुरू झाले. वसंतराव सावरत नाहीत. माझ्या लेखी एवढ्या एका गोष्टीवर त्यांना मोठा नट म्हणता येते.

याउलट त्यांच्या चित्रपटांतील भूमिका मला बेताच्या वाटतात. ‘अष्टविनायक’ (१९७९) मधील बाप लोकांना आवडतो, त्याचे गाणे आजही लग्नघरांत पाठवणीच्या वेळी वाजते, पण तेथे त्यांना उभे राहून गायचे तेवढे आहे. १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ३० जुलै १९८३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रंगभूमीवरची खरी झळाळी त्यांना सत्तेचाळिशीनंतर मिळाली, म्हणजे मोजून सोळा वर्षांच्या आत सगळे आटोपले.

२०१० साली त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी खाँसाहेबांची ही भूमिका पुन्हा रंगमंचावर आणली. आजोबा गेले तेव्हा ते लहान मूल होते, त्यामुळे हा वारसा समोर बसून मिळालेला नाही. आजच्या स्पर्धांत तरुण गायकही या नाटकातील पदे ध्वनिमुद्रणांवरूनच उचलतात, तानन्‌तान जशीच्या तशी घेतात आणि टाळ्या मिळवतात. नागपुरात अशा एका स्पर्धेनंतर मी एका उत्तम गाणाऱ्या मुलाला विचारले की हे पद नाटकात कोण, कोणासमोर गातो. त्याला सांगता आले नाही, आणि परीक्षकांनीही ते विचारले नव्हते. पद प्रसंगातून असे उपटून काढले की वसंतरावांचे निम्मे काम नाहीसे होते आणि उरते ती नक्कल करण्याजोगी तान.

जुलै अखेरीस त्यांच्या स्मृतिनिमित्त आमच्या शहरात मैफली होतात आणि भर पावसातही रसिक गर्दी करतात. त्यातील एखादी संध्याकाळ मैफलीऐवजी ‘कट्यार’च्या एका अंकाला द्यावी, संवादांसह, वेशभूषेसह, ऑर्गन-तबल्याच्या साथीने, आणि पात्रे शक्यतो नागपूरचीच घ्यावीत. लेखक या गावचा होता आणि नट या गावात गाणे शिकला होता. सभागृह तर त्यांच्याच नावाचे आहे; तारीख मिळवण्यासाठी अर्ज मात्र बराच आधी करावा लागेल.