पालकांना बोलवायच्या आधी वहीत लिहा

शाळेतून फोन गेला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय केलं आता त्याने?" आपण शिक्षक काही बोलायच्या आधीच ते धास्तावलेले असतात, आणि का नसतील, शाळेचा फोन तक्रारीशिवाय येतो तरी कधी! म्हणून ज्या मुलाबद्दल पुढे बोलावं लागेल असं वाटतंय, त्याच्या घरी आधी एक चांगला फोन करा. कौतुक खोटं नको, पण शोधलं की सापडतंच, नवीन आलेल्या मुलाला त्याने स्वतःहून शेजारी बसवून घेतलं, एवढंही पुरतं.

आणि "उद्धट आहे", "लक्षच नसतं", "फार आगाऊ झालाय" हे शब्द पालकांसमोर काढूच नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं. त्यावर आईवडिलांनी करायचं काय? एकतर ते आपल्याशी वाद घालणार नाहीतर घरी जाऊन पोराला बडवणार. त्यापेक्षा आठ-दहा दिवस वहीत लिहून ठेवा, कोणता तास होता, आधी काय झालं, त्याने नेमकं काय केलं आणि त्यानंतर काय झालं. समजा लिहिलंय, "गणिताचा तास. फळ्यावरचं उतरवून घ्या म्हटलं. शेजारच्याची वही ओढली. वर्गाबाहेर पाठवलं." दोन दिवसांनी भाषेच्या तासाला पुन्हा तेच, पुन्हा फळा, पुन्हा शेजारच्याची वही. आता दिसायला लागतं की गडबड दरवेळी फळ्यावरून लिहितानाच होतेय, म्हणजे त्याला फळा नीट दिसतोय का हे आधी बघायला हवं, शिवाय बाहेर पाठवलं की त्याची लिहिण्यातून सुटकाच होतेय. हे पालकांना दाखवलं तर ते डोळे तपासायला घेऊन जातील. "मस्तीखोर आहे" ऐकून कोण नेणारे डोळ्यांच्या डॉक्टरकडे?

आजकाल एडीएचडी (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं तो विकार) हा शब्द स्टाफरूममध्ये फार सहज फेकला जातो, त्याचा मला त्रास होतो. ते निदान डॉक्टरांचं काम आहे, आणि त्यासाठी लक्षणं किमान 6 महिने टिकलेली, वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी लागतात. म्हणजे नुसत्या वर्गातल्या वागण्यावरून ते ठरतच नाही. आपण जे बघितलं तेवढंच सांगायचं आणि तपासून घ्या म्हणायचं, बस.

बोलणं मात्र व्हरांड्यात उभ्या उभ्या किंवा पालकसभेच्या रांगेत नको, मागे दुसरे पालक कान देऊन उभे असतात. एक खोली, दोन खुर्च्या, दार लावलेलं. आपलं सांगून झालं की विचारा, घरी कसा असतो, झोपतो किती वाजता (6 ते 12 वयाच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते), इतक्यात घरात काही बदललंय का, आणि मग खरंच गप्प बसा. आजोबा गेले, बाबांची नोकरी गेली, घर बदललं, अशा गोष्टी लोक पहिल्या मिनिटाला सांगत नाहीत. चिडून बोलले तर बोलू द्या, पोटच्या पोराबद्दल ऐकतायत ते.

उठण्याआधी एकच गोष्ट ठरवा, शाळेत आपण काय करणार आणि घरी ते काय करणार. आणि हे तर स्पष्ट शब्दांत सांगाच, "आज घरी गेल्यावर याला मारू नका, रागावूही नका, मी तक्रार करायला बोलावलं नव्हतं." हे सांगितलं नाही तर संध्याकाळी मार बसतो, आणि दुसऱ्या दिवशी ते पोरगं आपल्याकडे ज्या नजरेने बघतं त्यानंतर पुढचे कित्येक महिने ते आपल्याला काहीही सांगत नाही.

दोन आठवड्यांनी परत फोन करायची तारीख तिथेच वहीत लिहा. फरक थोडाच पडला असला तरी करा, अजिबात पडला नसेल तर तेही सांगा आणि ठरवलेलं बदलून बघा.