लाल टाळायला गेलो, निळ्यात अडकलो: घाटातून परतताना

आधी निकाल सांगतो, कारण घाईत असलेल्यांना तेवढाच हवा असतो. लाइव्ह ट्रॅफिकचं ॲप कधी निघायचं हे ठरवायला उत्तम आहे. घाटात मुख्य रस्ता सोडून आत कुठे वळायचं हे त्याला विचारू नका. एकदाही नाही.

हे लिहिताना अजून मान आखडलेली आहे, त्यामुळे सूर जरा कडक लागेल. गाडीची हवा, ब्रेक, स्टेपनी, उजेडाची सोय वगैरे बघून निघा, असलं काही मी सांगत बसणार नाही. चढावर हाफ क्लचवर गाडी धरता येत नसेल तर घाटाच्या वाटेला जाऊच नका.

जाताना काय झालं याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पहाटे पावणेपाचला निघालो, ॲपमधली मार्गाची रेष शेवटपर्यंत निळी, पोहोचायची वेळ सांगितली त्यापेक्षा सहा मिनिटं आधी पोहोचलो. दोन दिवस मजेत गेले. खरी गोम तीच. जाताना ॲप इतकं चोख वागलं की परतताना आम्ही त्याला देवासारखं मानत होतो.

परतीला घाटाच्या पायथ्याशी चार वाजून दहा मिनिटांनी आलो. गाडीत मी, बायको मागे, आणि शेजारी मेहुणा, फोन त्याच्या हातात. नकाशावर समोर गर्द लाल पट्टा, म्हणजे कोंडी, सहा किलोमीटरची. त्यावर बोट ठेवलं तर 48 मिनिटांचा उशीर. आमच्या पुढे एक पिवळा ट्रेलर उभा होता, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून टायरला काठीने ठोकत होता. पुढे वळणावर ट्रक बंद पडलाय, एवढं त्याच्याकडून कळलं.

तेवढ्यात फोन बोलला. दुसरा रस्ता सापडला, 26 मिनिटं वाचतील.

"दाजी, पुढचाच फाटा आहे. सतरा किलोमीटर, अजिबात लाल नाही, घ्या आत."

"दुचाकीचा मोड तर चालू नाही ना?" एवढा शहाणा प्रश्न मी विचारला होता. (हे तुम्हीही तपासा. त्या मोडमध्ये ॲप अशा बोळातून काढतं जिथे चारचाकीचे आरसे मिटावे लागतात.) मोड गाडीचाच होता. बायको मागून म्हणाली, "बाकीचे सगळे का थांबलेत मग?" त्या प्रश्नाला उत्तर न देता मी इंडिकेटर दिला.

पहिले पाच किलोमीटर डांबर, झाडी, एकही गाडी नाही. मेहुणा तर व्हिडिओ काढत होता. सहाव्या किलोमीटरला रेंज गेली आणि सातव्याला डांबर.

त्यानंतरचे साडेतीन किलोमीटर मी विसरणार नाही. एका गाडीपुरता रस्ता, डावीकडे नाली, उजवीकडे उतार. मध्ये नुसती सुटी खडी, रोलर न फिरवलेली, मुठीएवढे दगड. दुसऱ्या वळणावर पोटाखाली जो आवाज झाला तो ऐकून तिघेही गप्प झालो. पुढे ओढा, त्यावर पूल नाही. पात्रात मोठे पाइप टाकून वर मुरूम पसरलेला, आणि त्याचा एक कोपरा खचलेला. मेहुणा उतरून चालत पलीकडे गेला, हाताने दाखवत राहिला, आणि मी पहिल्या गिअरमध्ये, श्वास रोखून, गाडी काढली.

आणि मग समोरून गाड्या आल्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घाट दोन्हीकडून तुंबला होता, म्हणजे वरच्या टोकाला अडकलेल्यांनाही ॲपने हाच शॉर्टकट दिला होता. ते उतरत होते, आम्ही चढत होतो, आणि मध्ये रस्ता एका गाडीचा. समोर चार, माझ्या मागे तोवर तीन. कोणी मागे जायचं यावर जी चर्चा झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. शेवटी आम्ही चौघांनी मागे जायचं ठरलं, कारण शेताचं फाटक आमच्या बाजूला होतं. तीनशे मीटर रिव्हर्स, तोच खडीचा तुकडा, पाठीमागचा अंदाज बायकोच्या मोबाइलच्या टॉर्चवर. मान आखडली ती तिथे.

फाटकाशी एक आजोबा उभे होते. काचेतून वाकून म्हणाले, "मोबाइलवाले का तुम्ही? दुपारपासून तिसावी गाडी ही. आम्ही बैलगाडी न्यायची म्हटली तरी इचार करतो."

आम्ही वर मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. 26 मिनिटं वाचवण्याच्या नादात दोन तास पंचावन्न मिनिटं. गाड्या थंड करायला थांबतात त्या मोकळ्या जागेत तोच पिवळा ट्रेलर उभा. ड्रायव्हर म्हणाला, ट्रक बाजूला घेतला तसे सगळे सुटले, तो साडेपाचलाच वर आला होता. झोप काढून उठला होता. माझ्या गाडीवरची धूळ बघून त्याने काहीही विचारलं नाही, याबद्दल त्याचे आभार.

घरी आल्यावर दोन रात्री यावर डोकं लावलं, कारण फसलो कसा हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं. या ॲपला रस्ता दिसत नसतो. त्याला दिसतात फोन. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फोन आपली जागा आणि वेग पाठवत राहतात, त्यावरून रंग ठरतो. 2020 मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने 99 फोन हातगाडीत भरून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, तर गूगल मॅप्सवर तो रस्ता लाल झाला होता. हा किस्सा मी पूर्वी हसून वाचला होता. त्याची उलटी बाजू मात्र तेव्हा सुचली नाही. 99 फोन रिकाम्या रस्त्याला लाल करतात, तर ज्या रस्त्यावर एकही फोन जात नाही त्याचं काय? त्याला लाल करणारं कोणी नसतंच. आपण ज्या मार्गावर चाललोय त्याची रेष आमच्या ॲपमध्ये मुळात निळी असते, कोंडी कळली तरच ती नारिंगी-लाल होते. काहीच कळलं नाही तर निळीच राहते. आम्ही त्या निळ्याला "मोकळा" समजलो.

हे तपासायला दहा सेकंद लागतात, म्हणून राग जास्त येतो. मार्ग बंद करून साधा नकाशा उघडा आणि ट्रॅफिकचा लेयर चालू करा. ज्या रस्त्याची माहिती येतेय तो हिरवा तरी दिसतो. ज्यावर कुठलाच रंग नाही, तिथली खबर ॲपकडे नाही. मी नंतर पाहिलं तर आमचा फाटा सतराच्या सतरा किलोमीटर बिनरंगाचा होता. आणि हिरवा असला तरी त्याचा अर्थ त्या रस्त्यावर गर्दी नसताना जो वेग असतो त्या मानाने अडथळा नाही, एवढाच. नेहमीच बैलगाडीच्या वेगाने जावं लागणारा रस्ताही हिरवा असू शकतो.

दुसरी फसगत रेंजची. रेंज गेल्यावरही निळा ठिपका झकास पुढे सरकत होता, म्हणून मेहुण्याला वाटत होतं की ॲप चालू आहे. ठिपका उपग्रहांवर चालतो, त्याला नेटवर्क लागत नाही. रंग इंटरनेटवरून येतात. त्यामुळे ठिपका आत्ताचा आणि रस्त्याची हालत मघाची, असं चित्र दिसत राहतं. आम्ही खडीत उभे असताना फोन शांतपणे "19 मिनिटं" सांगत होता. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या असा सल्ला सगळे देतात, तो बरोबर आहे, उतरवाच. पण उतरवलेल्या नकाशात लाइव्ह ट्रॅफिक नसतं आणि दुसरे पर्यायही सुचवले जात नाहीत, हे कोणी सांगत नाही. रेंज जाण्याआधी पुढच्या पन्नास किलोमीटरचा रंगांसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. शिळा असेल, पण शिळा आहे हे तरी माहीत असेल.

आपण एकटेच मूर्ख नाही हे कळल्यावर थोडं बरं वाटलं. 2019 च्या जूनमध्ये अमेरिकेत डेन्व्हर विमानतळाच्या रस्त्यावर अपघात झाला, ॲपने लोकांना आडवाटेने काढलं आणि जवळपास शंभर गाड्या शेतातल्या चिखलात रुतल्या. एक वळला म्हणून मागचा वळला. आमच्या मागच्या तिघांनीही नंतर तेच कबूल केलं. "तुम्ही आत घेतली म्हणून आम्ही घेतली." न्यू जर्सीतल्या लिओनिया नावाच्या गावाने तर जानेवारी 2018 पासून गर्दीच्या वेळी गल्ल्या बाहेरच्यांना बंद करायचा नियमच केला होता, ॲपवाल्यांच्या लोंढ्याला कंटाळून. फाटकाजवळच्या त्या आजोबांना हे सांगायला हवं होतं.

आता जाणाऱ्यांसाठी. "इतकी मिनिटं वाचतील" हा आकडा घाटात अर्ध्या तासापेक्षा कमी असेल तर त्याच्याकडे बघूही नका. जास्त असेल तरी आधी बघा की बस आणि ट्रक त्या फाट्याला वळतायत का. रोज जाणारा ट्रकवाला वळत नसेल तर त्याला काहीतरी माहीत आहे. लाल पट्ट्याची लांबी बघा, नुसता रंग नाही. दहा मिनिटांनी पुन्हा बघा. पट्टा मागे वाढत असेल तर कोंडी वाढतेच आहे, तिथेच गाडी बाजूला लावून पाय मोकळे करा. पुढच्या टोकाकडून लाल संपत येत असेल तर सुटतोय, रांग सोडू नका. आम्ही दहा मिनिटं थांबलो असतो तर हे दिसलं असतं.

पट्टा कुठल्या दिशेचा आहे हेही बघा. नकाशा लांबून पाहिला की जाणारी-येणारी रेष एकमेकीत मिसळते आणि समोरच्यांची कोंडी आपली वाटते. बोटांनी मोठा करा, दोन रेषा वेगळ्या होतात. उड्डाणपुलाखाली असाल तर रंगावर फार विसंबू नका, वरची गाडी आणि खालची गाडी फोनला एकाच जागी दिसू शकते. बोगद्यात ठिपका उडी मारतो, घाबरून लेन बदलू नका.

टोल टाळायची सेटिंग कोणी चालू ठेवली आहे का तेही निघण्यापूर्वी बघा. आमच्या फोनवर नव्हती, पण संशयाने आम्ही ती त्या रात्री तीनदा तपासली.

फोन चालवणाऱ्याने हाताळायचा नाही, शेजारच्याने हाताळायचा, आणि शेजारच्याने व्हिडिओ काढायचा नाही. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला फोन तापून मंद होतो, नेमका गरज असते तेव्हा. चार्जरची केबल दोन घ्या.

आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट, जी आम्ही जाताना न कळत केली आणि येताना विसरलो: आदल्या रात्रीच निघायची वेळ बदलून बदलून बघा. ॲपमध्ये पुढची वेळ टाकता येते. गूगल मॅप्स संगणकावर उघडलं तर वार आणि तास निवडून त्या रस्त्यावर एरवी कशी गर्दी असते तेही दिसतं. मी नंतर टाकून पाहिलं. आमच्या परतीच्या वाराला दुपारी चारला घाट नेहमीच लाल असतो, आणि पहाटे सहाला हिरवा. ट्रक बंद पडला नसता तरी आम्ही अडकलोच असतो. पहाटे निघा. झोपेची कुरकुर करणाऱ्याला मागच्या सीटवर टाका.

फाट्याबद्दल ॲपमध्ये रीतसर तक्रार टाकली आहे: रस्ता खराब, पूल खचलेला, फोटोसकट. काल मेहुण्याचा फोन आला होता, तो परत तिकडे निघालाय. पायथ्याशी पोहोचल्यावर स्क्रीनशॉट पाठवला त्याने. 22 मिनिटं वाचतील म्हणतंय, तोच फाटा. खाली त्याने लिहिलं होतं, "दाजी, रांगेतच उभा आहे."