ठकीचा कल पुन्हा १५ अंशांवर

ठकी म्हणजे माझं पाळीव पाणकासव. तिचं उजवं फुप्फुस भरलंय, म्हणून पाण्यात ती एका बाजूला कलते, आणि तो कल मी अंशांत मोजते. मागच्या नोंदीत, १७ जानेवारीला, मी भलत्याच तोऱ्यात लिहून टाकलं होतं की कल १८ अंशांवरून ७ वर आलाय, ठकीने दोन गांडुळं खाल्लीत आणि उरलेली इंजेक्शनं झाली की बाई परत मोठ्या टाकीत. नजर लागली म्हणा नाहीतर माझा आगाऊपणा म्हणा. २० तारखेला सकाळी तिला मोजणीच्या टाकीत सोडलं तर उजवी बाजू पुन्हा खाली. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक काचेला लावला, १५. पुन्हा लावला, १५च. वजन १,५९६ ग्रॅमवरून १,५७०. गांडुळाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

चार इंजेक्शनं झालेली होती. सेफ्टाझिडिम नावाचं अँटिबायोटिक, किलोला २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी, पुढच्या पायात. पुण्याच्या डॉक्टरांनी औषध कालवून छोट्या सिरिंज भरून दिल्यात, त्या आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी एका डब्यात आहेत. एक काढायची, मुठीत धरून वितळवायची आणि टोचायची. पहिल्या वेळी माझा हात एवढा थरथरला की ठकीच मला धीर देत असल्यासारखी शांत बसली होती. आता सराव झालाय.

त्याच दिवशी पुण्याला फोन केला. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, हेच औषध चालू ठेवून जोडीला नेब्युलायझर. दुसरा, श्वासनलिकेत थोडं सलाईन सोडून ते परत ओढायचं, त्याचं कल्चर करायचं आणि कोणता जंतू आहे ते बघून औषध बदलायचं. तिसरा, मानेच्या बाजूला छोटं छिद्र पाडून अन्ननलिकेत नळी बसवायची, म्हणजे खाणं आणि औषध दोन्ही विनासायास आत जाईल. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी गुंगी द्यावी लागते, आणि आधीच एक फुप्फुस भरलेल्या कासवाला गुंगी देणं म्हणजे काय ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. कासव श्वास रोखून धरतं, त्यामुळे कुत्र्यामांजरासारखा नुसता मास्क लावून भागत नाही. इंजेक्शनने झोपवायचं, घशात नळी घालायची आणि ती पूर्ण जागी होईपर्यंत हाताने श्वास देत राहायचं. ‘दोन दिवस विचार करा,’ म्हणाल्या.

दोन दिवस मी दुसरं काही केलंच नाही. नवरा म्हणतो, अकरा वर्षं सांभाळलीस, आता पैशाकडे बघू नकोस. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘संगम माहुलीला नेऊन कृष्णामाईत सोडून ये, तिची ती बरी होईल.’ त्यांना हात जोडले. ही मूळची अमेरिकेतली, मिसिसिपीच्या खोऱ्यातली. आपल्या नदीत सोडली तर एकतर स्वतः मरेल, नाहीतर जगून इथल्या कासवांच्या जिवावर उठेल. आजारी असताना तर तिचा आजारही त्यांना जाणार. दुसरं टोक म्हणजे माझा मामेभाऊ. त्याला हौसेने ‘स्टार’ कासव पाळायचंय. बाबा रे, आपल्याकडचं स्टार काय किंवा मऊ पाठीचं काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घरात ठेवणं गुन्हा आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सगळ्यात आधी ठकीच्या डोळ्यामागचा लाल पट्टा, म्हणजे ती परदेशी जातीची असल्याची खूण, बघितला होता, मगच पेटीला हात लावला.

मनाने मी कल्चरकडे झुकले होते. औषध लागू पडत नाही म्हणजे जंतू वेगळा, हे सरळ दिसत होतं. पण एक गोष्ट डोक्यात घुसत नव्हती. जंतू जर पहिल्यापासून औषधाला दाद देत नव्हता, तर औषधाच्या पहिल्या आठ दिवसांत कल १८ वरून ७ वर आला कसा?

२२ ला पहाटे तीनला पाणी प्यायला उठले आणि सहज तिच्या टबपाशी गेले. आजारामुळे पाण्याबाहेर कोरडं ठेवायला लागल्यापासून ती बांधकामाच्या काळ्या टबमध्ये आहे, वर १०० वॅटचा सिरॅमिक हीटर आणि त्याला एसटीसी-१००० चा थर्मोस्टॅट. डिस्प्लेवर ३०.२. छान. परत जाताना पाठीवर सहज हात ठेवला. पहाटे अनवाणी पाय शहाबादी फरशीवर पडावा तशी गार!

आधी डिस्प्लेवर विश्वास ठेवू की हातावर, तेच कळेना. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणून तिच्या शेजारी ठेवला. दहा मिनिटांनी २१.५. मग टबात अंथरलेला पंचा उचलला. सेन्सरची वायर पंचाखालून सरकत जाऊन टोक बरोबर सिरॅमिकच्या खाली, टबच्या काठावर, उताणं पडलेलं. सिरॅमिक पाच मिनिटं पेटायचा, सेन्सर भाजून निघायचा, थर्मोस्टॅट म्हणायचा झालं ३० आणि बंद. ठकी दुसऱ्या कोपऱ्यात. साताऱ्यात सध्या रात्री पारा १२-१३ वर येतोय आणि आमची ती खोली उत्तरेची.

पंचा बदलला होता मीच, १७ तारखेला, ती तोऱ्यातली नोंद लिहायला बसण्याआधी. १७ ते २२ पाच रात्री. कालनिर्णयच्या मागे मी वजन, कल, खाणं, सगळं लिहिते, पण तापमानाच्या रकान्यात रोज थर्मोस्टॅटचा आकडाच उतरवत होते. एसटीसीला दोष देत नाही, स्वस्तात त्याच्याएवढं नेमकं यंत्र मी तरी बघितलेलं नाही. पण त्याला फक्त सेन्सर जिथे पडलाय तिथलंच कळतं, कासव कुठे आहे ते नाही.

थंडीचा एवढा बाऊ का, हे जुन्या कासववाल्यांना सांगायला नको, पण माझ्यासारख्या विसरभोळ्यांसाठी लिहिते. कासवाचं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं. गार पडलं की पेशी जंतूंशी लढायच्या थांबतात, पचन थांबतं, टोचलेलं औषधही हवं तसं फिरत नाही. त्यात कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नाही, खोकता येत नाही, त्यामुळे आत साठलेला शेंबूड आतच. हात-पाय हलवले, ऊब मिळाली, तरच तो सरकतो. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या होत्या, ‘औषध मी देते, पण अर्धं काम तुमच्या हीटरचं आहे.’ मी मान डोलावली होती.

सकाळी नऊला फोन करून सगळं कबूल केलं. ओरडतील वाटलं होतं, हसल्या. म्हणाल्या, ‘बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी चांगलं चाललेलं औषध बदलून बसले असते.’ तर आता ठरलंय ते असं. पहिला रस्ता. सेफ्टाझिडिमची किमान नऊ इंजेक्शनं, सोबत नेब्युलायझर. सातव्या इंजेक्शननंतर पुन्हा एक्स-रे, तोवर कल खाली आला नाही तर कल्चर. आणि वजन १,५०० च्या खाली गेलं तर वाट न बघता नळी. आजारापूर्वी ती १,६४० होती. आकडा ठरवून घेतल्यामुळे मला रात्री झोप लागायला लागली आहे.

एक्स-रेबद्दल मागे लिहिलंय तरी परत सांगते, कारण यातच आमचे पहिले आठ दिवस गेले. गावातल्या पहिल्या दवाखान्यात नुसता वरून फोटो काढला आणि ‘छाती साफ’ म्हणाले. वरून काढला तर कवच आणि आतडी आड येतात, फुप्फुसं नीट दिसत नाहीत. पुण्यात तिला पालथ्या स्टीलच्या डब्यावर बसवलं, चारी पाय हवेत वल्ही मारत, आणि समोरून आडवा फोटो काढला. डावं फुप्फुस काळंभोर, उजवं खालून पांढरं. जी बाजू भरलेली तीच पाण्यात खाली जाते, कोनमापक बरोबरच सांगत होता. त्याच पहिल्या दवाखान्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन द्यायला निघाले होते, ते मी दिलं नाही. जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते. तुमच्या जवळपास सरपटणारे प्राणी बघणारं कोणी नसेल तर गाडीत पेट्रोल घाला, खंबाटकी ओलांडा, काय वाट्टेल ते करा.

अर्थात ‘अ’ची कमतरता नव्हतीच असंही मी म्हणणार नाही. नोकरी बदलली त्या वर्षी मी डब्यातल्या वाळक्या कोळंबीवर तिला काढलं. दुकानदार म्हणाला होता ‘पूर्ण आहार’. डब्यावरच्या कासवाचा फोटो सोडला तर त्यात पूर्ण काही नव्हतं. त्याच दुकानातला ‘यूव्हीबी’ (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) बल्बही नुसता उजेड पाडणारा निघाला. आता बल्ब मी तिथून घेत नाही, आणि सहा महिन्यांनी चालू असला तरी बदलते.

नेब्युलायझर बाबांचा आहे, त्यांच्या दम्यासाठी घेतलेला. ‘अगं, माझं मशीन कासवाला लावणार?’ यंत्र तेच, पण कप आणि नळी नवी आणली, कासवांकडून माणसांना होणाऱ्या साल्मोनेला जंतूशी मस्करी नको. झाकणाला भोकं पाडलेल्या लाडूच्या मोठ्या डब्यात ठकी, त्यात सलाईनची वाफ, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं. परवापासून बाबाच घड्याळ लावून शेजारी बसतात आणि तिला पेपरातल्या बातम्या सांगतात. काल सेशन संपताना नाकपुडीतून एक लांब चिकट धागा बाहेर आला. इतका आनंद मला लेकीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

टबचं म्हणाल तर सेन्सर आता झिप-टायने ठकीच्या पाठीच्या उंचीवर बांधलाय, सिरॅमिकपासून लांबच्या बाजूला, आणि शेजारी कमाल-किमान दाखवणारा वेगळा थर्मामीटर. बाहेरून तीन बाजूंना थर्माकोल लावायचं चाललंय, बंदीच्या आधीच्या मखराचं माळ्यावर पडून होतं. आच टेकणार नाही इतकं लांब अर्थातच.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. टबला गोधड्या पांघरत बसण्यापेक्षा अख्खी ठकीच धान्याच्या खोलीत का नेऊ नये? चार बाय सहाची खोली, खिडकी नाही, स्वयंपाकघराची भिंत सामाईक. एक ऑइल हीटर मंद ठेवला तरी रात्रभर २७-२८ सहज टिकेल, सिरॅमिक फक्त बास्किंगच्या, म्हणजे शेकत बसायच्या, कोपऱ्यापुरता. वीज गेली तरी खोली लगेच गार पडणार नाही. गव्हाच्या पिंपाची हलवाहलव करावी लागेल, आई काय म्हणतील ते बघू. तर वरचं थर्माकोल रद्द समजा. आज रात्री थर्मामीटर तिथे नुसता ठेवून बघते, मगच पिंप हलवते.

आजचे आकडे, २५ जानेवारी: वजन १,५७४, कल ११, किमान तापमान २७.८. इंजेक्शनं सहा झाली, सातवं मंगळवारी. गांडूळ नाकाशी धरलं तर तोंड फिरवलं नाही, मान पुढे काढून हुंगलं आणि ठेवून दिलं. उद्या रोहूचा तुकडा.