ओसरीचं वायफाय

दिवाळीला साताऱ्याला गेले, तर बाबांनी पिशवी खाली ठेवायच्या आत तक्रार सुरू केली. "पैसे शंभर एमबीपीएसचे भरतो आणि काकडआरती अडकत अडकत ऐकतो." नेटवाल्याला दोनदा फोन करून झाला होता. तो म्हणे, आमच्याकडून सगळं बरोबर आहे.

मी अकाउंट्समध्ये काम करते, राउटर हा काही माझा प्रांत नाही. पण टीव्हीच्या कपाटात, आईने विणलेल्या रुमालाखाली, तो डबा चांगलाच तापलेला होता. आधी रुमाल काढला. मग डबा उलटा केला. पोटावरच्या स्टिकरवर पत्ता होता, १९२.१६८.१.१, आणि खाली नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. लॅपटॉपवर टाकून पाहिलं तर पहिल्या फटक्यात उघडलं. चार वर्षांपूर्वी बसवला तेव्हापासून कुणी हात लावलेला नव्हता.

जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. एकोणीस! घरात फोन दोन, टीव्ही एक, दारातला कॅमेरा एक, आणि माझा फोन नि लॅपटॉप. म्हणजे सहा.

"आई, उरलेले तेरा कोण गं?"

आई चकल्या पाडता पाडता मोजायला लागली. पलीकडची वहिनी, तिची दोन मुलं, वरचे भाडेकरू, इस्त्रीवाला, भिशीच्या बायका... "मागितला की देते. पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण?" वायफायचा पासवर्ड होता बाबांचा मोबाइल नंबर, म्हणजे अर्ध्या गल्लीला तो तसाही पाठ.

वेग का जातो ते कळलं. पण मला घोर लागला तो वेगळाच. वायफायचा पासवर्ड हा दिंडीदरवाजा. राउटरचा स्वतःचा पासवर्ड म्हणजे तिजोरीची किल्ली. तो ज्याच्या हाती गेला तो डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी नोंदवही, बदलून बाबांना बँकेच्या जागी भलत्याच पानावर नेऊ शकतो. त्यात "रिमोट मॅनेजमेंट", म्हणजे घराबाहेरून इंटरनेटवरून राउटरच्या सेटिंग बदलायची सोय, चालू होतं, म्हणजे ही तिजोरी थेट रस्त्यावरून उघडत होती. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच राउटर आणि कॅमेरे गोळा केले होते. त्याच्याकडे कसली जादू नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या होत्या, एवढंच. त्या जोरावर त्या ऑक्टोबरात अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससुद्धा काही तास आडवे झाले. आमच्या दारातल्या कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातलाच होता, हे सांगायला नकोच.

रिमोट मॅनेजमेंट बंद केलं, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, आणि तिथेच शहाणपणा नडला. नवा पासवर्ड टाकताना कॅप्सलॉक चालू होतं की बोट घसरलं, देव जाणे. पुन्हा आत जाता येईना. मग टाचणी घेऊन मागच्या भोकातलं रीसेटचं बटण दाबून धरलं. राउटर कोरा झाला, आणि त्याच्यासोबत नेट कंपनीचा युझर आयडीही पुसला गेला. ऐन धनत्रयोदशीला घरात नेट नाही. बाबा काही बोलले नाहीत, नुसता पेपर जोरात उलटला. नेटवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. या वेळी तो आयडी मी डायरीत उतरवून घेतला. तुम्ही टाचणी हातात घ्यायच्या आधी घ्या.

दुसऱ्या खेपेला रांगेने केलं. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं. राउटर ते पहाटे तीनला आपोआप करणार होता, पण बाबा रोज दहाला बटण बंद करून झोपतात, त्यामुळे चार वर्षांत एकदाही झालं नव्हतं. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद केलं, कारण त्याची आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. दहा कोटींऐवजी अकरा हजार प्रयत्नांत काम होतं. सुरक्षा डब्ल्यूपीए३, म्हणजे वायफायच्या कुलपाची नवी पद्धत, केली तर बाबांचा जुना फोन जोडेना, म्हणून २ आणि ३ दोन्ही चालतील असं ठेवलं. पासवर्डसाठी आईला एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द विचारले. ते इथे लिहिणार नाही, पण त्यातलं एक भांडं आता माळ्यावर आहे.

उरला प्रश्न वहिनीचा आणि इस्त्रीवाल्याचा. "आता नाही म्हणू का सगळ्यांना?" आईचा चेहरा बघवेना. तेव्हा गेस्ट नेटवर्क सापडलं. तिथे जोडलेल्याला इंटरनेट मिळतं, पण घरातला टीव्ही, कॅमेरा, लॅपटॉप दिसत नाहीत. वर वेगालाही मर्यादा घालता येते. दहा एमबीपीएस दिला. ओसरीवर कुणीही येऊन टेकावं, माजघरात नाही, एवढं म्हटल्यावर आईला लगेच पटलं. नाव "सर्वांसाठी ओसरी" द्यायचं ठरलं, तर राउटर घेईना. नाव ३२ बाइटांत बसावं लागतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. शेवटी "आमची ओसरी" बसलं. त्याचा क्यूआर कोड छापून दाराशी, कालनिर्णयच्या शेजारी लावला.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. वहिनीच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा आहे, ओसरीचा वेग जरा वाढव. पुण्यातून मला काही करता येणार नव्हतं, तो दरवाजा मीच बंद केलेला. मग बाबांना चष्मा घेऊन बसवलं, डायरीचं शेवटचं पान उघडायला लावलं आणि एकेक आकडा सांगितला. पाऊण तास लागला. दहाचे वीस झाले. परीक्षा होऊन चार दिवस उलटले. वेग अजून वीसच आहे, आणि आई म्हणते राहू दे.